फ्रेंच कवितेचे वृत्त, यमक आणि आवर्तन कसे तपासावे: बोदलेरच्या एका कवितेवरून

फ्रेंच शिकणारा मराठी माणूस पहिल्यांदा एखाद्या जुन्या फ्रेंच कवितेची अक्षरे मोजायला बसतो, तेव्हा त्याचा हिशेब बहुधा चुकतो. माझाही चुकला होता. ज्या ओळीत बारा अक्षरे असायला हवीत तिच्यात अकरा भरत होती आणि दोष कवीचा की माझा, हे कळायला मार्ग नव्हता. दोष अर्थातच माझा होता, कारण मी बोलण्यातले फ्रेंच मोजत होतो, कवितेतले नव्हे. गंमत अशी की हा फरक आपल्याला घरबसल्या ठाऊक असतो. 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी' हा चरण बोलण्यात म्हटला तर 'सुंदर'मध्ये दोनच उच्चारखंड येतात आणि 'ध्यान'मध्ये एकच. अभंगात मात्र 'सुं-द-र ते ध्या-न' अशी सहा अक्षरे मोजली जातात, पुढे 'उ-भे वि-टे-व-री' आणि 'क-र क-टा-व-री' अशी पुन्हा सहा-सहा, आणि 'ठे-वो-नि-या' अशी चार. बोलीत गळणारा शेवटचा 'अ' अभंगाच्या मोजणीत जिवंत असतो. फ्रेंच पद्याची पहिली किल्ली हीच आहे, आणि ती मराठी वाचकाच्या हाती आधीपासून आहे.

दुसरीही एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. फ्रेंच छंदशास्त्रात लघु-गुरूचा विचार नाही, त्यामुळे गणवृत्तांची सवय इथे फारशी कामाला येत नाही. फ्रेंच वृत्त हे अक्षरसंख्येवर उभे आहे, म्हणजे ओवी-अभंगाच्या कुळातले आहे. 'अक्षर' हा शब्द मी या लेखात छंदशास्त्रातल्या अर्थाने, उच्चाराचा एक खंड म्हणून वापरणार आहे, आणि लिपीतल्या चिन्हाला 'वर्ण' म्हणणार आहे.

उदाहरणासाठी शार्ल बोदलेरची 'आर्मोनी द्यु स्वार', म्हणजे 'संध्याकाळचा स्वरमेळ', ही कविता घेऊ. ती 'ले फ्लर द्यु माल' या १८५७ साली निघालेल्या संग्रहात आहे. चार-चार ओळींची चार कडवी, एकूण सोळा ओळी, एवढाच तिचा विस्तार आहे. वृत्त, यमक आणि आवर्तन या तिन्ही गोष्टी एकाच कवितेत इतक्या उघडपणे काम करताना क्वचितच सापडतात, म्हणून नवशिक्याने हात बसवायला हिच्यासारखी कविता नाही.

कविता कागदावर उतरवणे

मूळ फ्रेंच मजकूर एका कागदावर स्वतःच्या हाताने उतरवून घ्यावा. दोन ओळींमध्ये निदान दोन बोटांची जागा सोडावी, डावीकडे ओळींचे क्रमांक घालावेत आणि उजवीकडे यमकासाठी रुंद समास ठेवावा. छापील प्रतीवर पेन्सिलने खुणा करत गेले तर तिसऱ्या टप्प्यापर्यंत सगळे एकमेकांत मिसळते.

उतरवतानाच लक्षात येईल की सोळा ओळींपैकी वेगळ्या अशा ओळी दहाच आहेत आणि उरलेल्या सहा ओळी पुन्हा आलेल्या आहेत. त्या दहा ओळी उच्चाराप्रमाणे अर्थासह खाली देतो. 'व्ह' म्हणजे ओठाला दात लावून केलेला उच्चार, 'झ' हा 'झरा' शब्दातल्यासारखा दंततालव्य पण हलका, 'ज' हा 'जीव' शब्दातला पण 'श'कडे झुकणारा, आणि चंद्रबिंदू म्हणजे नाकातून गेलेला स्वर. देवनागरीत फ्रेंचचे काही स्वर नीट बसत नाहीत. 'फ्लर', 'कर' यांतला स्वर ओठ गोल करून म्हणायचा असतो, एवढे ध्यानात ठेवावे.

१. व्ह्वासि व्हनिर ले ताँ ऊ व्हिब्राँ स्युर सा तीज (ती वेळ येते आहे, जेव्हा देठावर थरथरत)
२. शाक फ्लर सेव्हापोर अँसि कँ-नाँसाँस्वार (प्रत्येक फूल धूपदाणीसारखे हवेत विरते)
३. ले सोँ ए ले पारफँ तुर्न दाँ लेर द्यु स्वार (नाद आणि सुगंध संध्याकाळच्या हवेत गिरक्या घेतात)
४. व्हाल्स मेलाँकोलिक ए लाँगुर व्हेर्तीज (खिन्न वॉल्ट्झ नृत्य आणि अंग सैल करणारी भोवळ)
५. ल व्हिओलोँ फ्रेमि कॉम अँ कर कोँ-नाफ्लीज (दुखावलेल्या हृदयासारखे व्हायोलिन थरारते)
६. ल स्येल ए त्रिस्त ए बो कॉम अँ ग्राँ रपोझ्वार (आकाश एखाद्या भव्य वेदीसारखे उदास आणि सुंदर आहे)
७. अँ कर ताँद्र, कि ए ल नेआँ व्हास्त ए न्वार (एक कोवळे हृदय, ज्याला अफाट, काळ्या शून्याचा तिटकारा आहे)
८. ल सोलेय से न्वाये दाँ सोँ साँ कि स फीज (सूर्य स्वतःच्या गोठत चाललेल्या रक्तात बुडाला आहे)
९. द्यु पासे ल्युमिन रकय तु व्हेस्तीज (तेजस्वी भूतकाळाची प्रत्येक खूण गोळा करते)
१०. तोँ सुव्हनिर आँ म्वा ल्वी कॉम अँ-नॉस्ताँस्वार (तुझी आठवण माझ्या आत सुवर्णपात्रासारखी झळकते)

कडव्यांची मांडणी या क्रमांकांनी लिहिली तर अशी दिसते: पहिले कडवे १-२-३-४, दुसरे २-५-४-६, तिसरे ५-७-६-८, चौथे ७-९-८-१०. हा तक्ता समासात लिहून ठेवावा. त्याच्याकडे शेवटी यायचे आहे. पुढे ओळीचा क्रमांक देईन तो या दहांपैकी असेल.

अक्षरे मोजणे

आता मूक स्वर. रोमन लिपीतला जो वर्ण इंग्रजी वाचणारे 'ई' म्हणून ओळखतात, तो फ्रेंच शब्दाच्या शेवटी आला की आजच्या बोलण्यात बहुतेक वेळा गळतो. पद्यात त्याचे काय होते, हे त्याच्या पुढे काय आहे यावर ठरते. पुढचा शब्द व्यंजनाने सुरू होत असेल तर तो मोजायचा. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर तो गळतो आणि त्याच्या आधीचे व्यंजन पुढच्या स्वराला जाऊन चिकटते. ओळीच्या अगदी शेवटी असेल तर तो मोजायचा नाही.

दुसरी ओळ जवळून पाहू, कारण तिच्यात दोन्ही प्रकार आहेत. 'शाक' या शब्दाच्या शेवटी मूक स्वर आहे आणि पुढे 'फ्लर' हा व्यंजनाने सुरू होणारा शब्द आहे, म्हणून 'शा-क' अशी दोन अक्षरे. 'सेव्हापोर'च्या शेवटीही मूक स्वर आहे, पण पुढे 'अँसि' हा स्वराने सुरू होणारा शब्द आहे, म्हणून तो स्वर गळतो आणि 'र' पुढे सरकतो. मोजणी अशी होते: शा-क-फ्लर-से-व्हा-पो | रँ-सि-कँ-नाँ-साँ-स्वार. सहा आणि सहा, एकूण बारा. या बारा अक्षरी ओळीला 'आलेक्सांद्रँ' म्हणतात आणि फ्रेंच काव्यात तिचे स्थान फार मोठे आहे.

दोन सूचना इथेच देतो. मूक स्वराच्या पुढे अनेकवचनाचा 'स' किंवा क्रियापदाचा 'न्त' हा प्रत्यय लिहिलेला असेल, तर तो ऐकू येत नसला तरी स्वराला गळू देत नाही. म्हणून तिसऱ्या ओळीतले 'तुर्न' हे क्रियापद, पुढे 'दाँ'ऐवजी स्वराने सुरू होणारा शब्द असता तरी, 'तुर-न' असे दोन अक्षरीच मोजले असते. आणि मूक स्वर शब्दाच्या पोटातही असतो. 'सुव्हनिर' म्हणजे आठवण, हा शब्द बोलताना 'सुव्ह-निर' असा दोन उच्चारांत संपतो, पण दहाव्या ओळीत तो 'सु-व्ह-निर' असा तीन अक्षरांचा आहे. हा बदल न केल्यास ओळ अकरावर अडते.

माझी ओळ जिथे अकरावर अडली होती ती मात्र पाचवी. ल-व्ह्यो-लोँ-फ्रे-मि | कॉ-मँ-कर-कोँ-ना-फ्लीज. पहिल्या अर्ध्यात पाचच. असे झाले की मूक स्वर पुन्हा तपासावेत, आणि तरीही भरपाई होत नसेल तर दोन स्वर एकमेकांना लागून आलेली जागा शोधावी. 'व्हिओलोँ'मध्ये 'इ' आणि 'ओ' शेजारी आहेत. बोलताना ते एकजीव होऊन 'व्ह्यो' होतात, पद्यात ते सोडवून 'व्हि-ओ' म्हणायचे. या विच्छेदाला 'दियेरेझ' म्हणतात. दोन स्वर जोडून एकाच अक्षरात म्हणण्याला 'सिनेरेझ' म्हणतात, आणि त्याचे उदाहरण लगेच सहाव्या ओळीत आहे: 'स्येल', म्हणजे आकाश, हे एकच अक्षर. कुठे सोडवायचे आणि कुठे जोडायचे याचा पारंपरिक नियम शब्दाच्या मुळाकडे बोट दाखवतो. 'स्येल' ज्या लॅटिन शब्दावरून आला त्यात त्या जागी एकच स्वर होता, तो फुटून फ्रेंचमध्ये दोन झाले, म्हणून तो जोडलेला राहतो. 'व्हिओलोँ' इटालियनमधून आला आणि तिथे 'इ' व 'ओ' मुळातच वेगळे होते. प्रत्येक शब्दाचे मूळ पाठ असण्याची गरज नाही. ओळीच्या बारा अक्षरांचा हिशेबच सांगतो की गाठ कुठे सोडवायची आहे. मात्र उलटा मार्ग धरू नये: हिशेब जमवण्यासाठी मनाला येईल तो शब्द ताणला तर कोणतीही ओळ बाराची होईल.

'व्हि-ओ-लोँ फ्रे-मि' हे मोठ्याने म्हणून पाहावे. व्हायोलिन थरारते असे सांगणाऱ्या ओळीत व्हायोलिन हा शब्दच नेहमीपेक्षा एक अक्षर लांबतो, तार ओढल्यासारखा. विश्लेषणात हे लिहिण्याजोगे आहे. पण नियमाने तो विच्छेद कुठेही झालाच असता, हेही त्याच वाक्यात लिहावे; कवीने फक्त ती जागा नीट वापरली.

यती आणि आघात

बारा अक्षरांच्या ओळीत सहाव्या अक्षरानंतर यती, म्हणजे विरामाची जागा, असते, आणि ती शब्दाच्या मधून जात नाही. या कवितेच्या दहाही ओळी सहा-सहात स्वच्छ दुभंगतात. हे तपासून खात्री करावी आणि पुढे जावे. जिथे सगळे नियमित आहे तिथे पानभर लिहिण्याचे कारण नाही.

लिहिण्यासारखे आहे ते अर्धचरणाच्या आतले. फ्रेंचमध्ये आघात शब्दसमूहाच्या शेवटच्या उच्चारित अक्षरावर पडतो. सहाव्या आणि बाराव्या अक्षरावर तो ठरलेलाच असतो. शिवाय प्रत्येक अर्ध्यात आणखी एक आघात असतो आणि त्याची जागा बदलू शकते. ओळ वाचून अर्थाचे छोटे गट पाडावेत आणि प्रत्येक गटातली अक्षरे लिहावीत. आठवी ओळ: ल-सो-लेय, से-न्वा-ये | दाँ-सोँ-साँ, कि-स-फीज. तीन-तीन, तीन-तीन. अगदी समान चार तुकडे. सूर्य रक्तात बुडतो आणि रक्त गोठते ती ही ओळ, आणि तिची चाल कुठे अडखळत नाही. सहावी ओळ दोन-चार | तीन-तीन अशी आहे: ल-स्येल, ए-त्रिस-ते-बो | कॉ-मँ-ग्राँ, र-पो-झ्वार.

तिसरी आणि दहावी ओळ मात्र थांबून पाहण्याजोगी आहे. तिसरीत सहावे अक्षर 'फँ', सुगंध या शब्दाचा शेवट, तिथे आघात. लगेच सातवे अक्षर 'तुर', म्हणजे 'गिरक्या घेतात' या क्रियापदाचे आघाती अक्षर. यतीच्या दोन्ही बाजूंना दोन आघात एकमेकांवर आदळतात आणि क्रियापद उठून दिसते. दहाव्या ओळीतही तेच: सहावे 'म्वा', सातवे 'ल्वी', म्हणजे 'झळकते'. बाकीच्या आठ ओळींत यतीनंतरच्या पहिल्याच अक्षरावर क्रियापदाचा आघात येत नाही; नवव्या ओळीत यतीनंतर 'रकय' हे क्रियापद येते, पण त्याचा आघात आठव्या अक्षरावर पडतो. तक्त्याकडे पाहिले तर कळेल की तिसरी आणि दहावी या दोन्ही ओळी कवितेत एकदाच येतात. कवितेच्या आरंभी फिरणाऱ्या हवेची ओळ आणि शेवटी स्थिर प्रकाशाची ओळ यांना एकच चाल आहे. क्लोद देब्युसी या फ्रेंच संगीतकाराने १९१०च्या आपल्या पियानो प्रेल्यूडला नाव दिले ते याच तिसऱ्या ओळीचे.

चौथ्या ओळीत आघातापेक्षा शब्दक्रम बोलतो. 'व्हाल्स मेलाँकोलिक' म्हणजे नाम आणि मग विशेषण. 'लाँगुर व्हेर्तीज' म्हणजे विशेषण आणि मग नाम. यती हा आरसा, आणि ओळ त्याच्या दोन बाजूंना उलटी उभी. जवळजवळ कवितेचा नकाशाच. तो यमकात पुन्हा दिसेल.

जाता जाता एक इशारा. सगळ्याच आलेक्सांद्रँ ओळी अशा सरळ दोन भागांत ऐकू येत नाहीत. व्हिक्टर ह्युगोची 'ज मार्शरे, लेझ्य फिक्से, स्युर मे पाँसे' ही 'डोळे विचारांवर खिळवून मी चालत जाईन' अशा अर्थाची ओळ चार-चार-चार अशी वाचली जाते. तिथे सहाव्या अक्षरावर शब्द संपतो खरा, पण चाल तिथे थांबत नाही. आधी कान, मग पट्टी.

यमक

उजव्या समासात प्रत्येक ओळीपुढे एक वर्ण घालावा. 'ईज' या ध्वनीला 'क', 'वार' या ध्वनीला 'ख'. पहिले कडवे कखखक, दुसरे खककख, तिसरे कखखक, चौथे खककख. बाहेरचे यमक आतल्या जोडीला कवेत घेते, म्हणून फ्रेंचमध्ये याला 'आँब्रासे', मिठीतले यमक म्हणतात. ककखख असे असते तर 'प्लात', कखकख असे असते तर 'क्र्वाझे' म्हटले असते.

मग यमकाचे लिंग. ओळ मूक स्वराने संपत असेल तर यमक स्त्रीलिंगी, नसेल तर पुल्लिंगी. शब्दाच्या व्याकरणातल्या लिंगाशी याचा संबंध नाही. 'व्हेर्तीज' हे नाम पुल्लिंगी आहे तरी त्याचे यमक स्त्रीलिंगी. इथे 'ईज' सगळीकडे स्त्रीलिंगी आणि 'वार' सगळीकडे पुल्लिंगी आहे, आणि कडव्यांच्या सांध्यावरही दोन्ही आलटून-पालटून येतात. सोळाव्या शतकापासून चालत आलेला संकेत बोदलेर इथे काटेकोर पाळतो.

त्यानंतर यमकाची श्रीमंती. दोन शब्दांच्या शेवटून किती ध्वनी जुळतात ते मोजायचे: एक जुळला तर गरीब, दोन जुळले तर पुरेसे, तीन किंवा अधिक जुळले तर श्रीमंत यमक. 'आफ्लीज' आणि 'फीज' यांत 'ई' आणि 'ज' हे दोन. 'तीज', 'व्हेर्तीज' आणि 'व्हेस्तीज' यांत 'त'सह तीन. 'भोवळ' आणि 'खूण' हे दोन शब्द तर एका व्यंजनापुरतेच वेगळे आहेत. 'आँसाँस्वार' आणि 'ऑस्ताँस्वार' यांत मागून पाच ध्वनी जुळतात. ही मोजणी कानाने करायची, लिपीने नव्हे. 'रपोझ्वार' हा शब्द लिहिताना 'स्वार'सारखाच शेवट दाखवतो, पण दोन स्वरांमधला तो 'स' उच्चारात 'झ' होतो, त्यामुळे तिथे एक ध्वनी कमी जुळतो. शब्दकोशात उच्चार पाहिल्याशिवाय हे पकडता येत नाही.

एवढे झाल्यावर यमकाचे शब्द एका स्तंभात लिहून नुसते वाचावेत. 'वार'च्या पाच शब्दांपैकी तीन कॅथलिक उपासनेतले आहेत. 'आँसाँस्वार' म्हणजे साखळीवर झुलवायची धूपदाणी, 'रपोझ्वार' म्हणजे मिरवणुकीत पवित्र भाकर टेकवण्यासाठी मांडलेली वेदी, आणि 'ऑस्ताँस्वार' म्हणजे किरणांसारख्या कडा असलेले सोन्याचांदीचे पात्र, ज्यात ती भाकर भक्तांच्या दर्शनासाठी ठेवतात. गोव्यातल्या चर्चमध्ये गेलेल्या वाचकाला धूपदाणी आणि ते पात्र डोळ्यांपुढे आणायला अडचण पडू नये. बाकीच्यांनी चित्र शोधून पाहावे, कारण त्या पात्राचा आकार सूर्यासारखा असतो हे माहीत नसेल तर आठव्या ओळीत बुडालेला सूर्य दहाव्या ओळीत कुठे उगवला, हे कळणार नाही. तिन्ही शब्द उपमेच्या शेवटी आहेत आणि तिन्ही यमकाच्या जागी. दुसऱ्या स्तंभात देठ, भोवळ, दुखावणे, गोठणे, खूण. एका बाजूला पूजेची पात्रे, दुसऱ्या बाजूला थरथरीपासून गोठण्यापर्यंतचा प्रवास. आणि 'वार'च्या उरलेल्या दोन शब्दांत संध्याकाळ आणि काळोख.

ध्वनींचे आवर्तन

अनुप्रास शोधताना हात आखडता घ्यावा. कोणत्याही भाषेत काही व्यंजने इतकी येतात की ती कुठेही सापडतात, आणि विद्यार्थ्यांच्या वह्यांत प्रत्येक 'स'ला वारा वाहू लागतो. एखादा ध्वनी एका ओळीत आजूबाजूच्या ओळींपेक्षा उघडपणे दाट असेल तरच त्याची नोंद घ्यावी. आठव्या ओळीत 'सोलेय से', 'सोँ साँ', 'स' असे पाच 'स' शब्दारंभी आहेत. हे दाट आहे. दुसऱ्या ओळीच्या उत्तरार्धात सहापैकी चार अक्षरे नाकातून जातात: रँ, कँ, नाँ, साँ. धूर नाकाला लागावा तशी ती ओळ घशातून वर सरकते, असे मला वाटते. दुसऱ्याला तसे वाटले नाही तरी चार अनुनासिकांची नोंद खरीच राहते.

ओळींचे आवर्तन

आता समासातला तक्ता. प्रत्येक कडव्याची दुसरी आणि चौथी ओळ पुढच्या कडव्याची पहिली आणि तिसरी होते. या बांधणीला 'पांतूम' म्हणतात. ती मूळ मलय लोककाव्यातली. ह्युगोने १८२९ सालच्या आपल्या 'लेझोरियाँताल' या संग्रहाच्या टिपांत एका मलय रचनेचा गद्य अनुवाद छापला आणि तिथून फ्रेंच कवींना तिचे वेड लागले. दामयमकात एका चरणाच्या शेवटची अक्षरे पुढच्या चरणाच्या आरंभी येतात, तो खेळ ठाऊक असलेल्याला ही साखळी ओळखीची वाटेल. इथे कडी अक्षरांची नसून अख्ख्या ओळीची आहे.

बांधणीचे नाव लिहून थांबणे ही इथली नेहमीची चूक. पुढचा प्रश्न असा: कवीने नियम कुठे मोडला? फ्रेंच पांतूमच्या ठरलेल्या रूपात यमक कखकख असते आणि कवितेची पहिली ओळ अगदी शेवटी परत येते. बोदलेरने दोन्ही बदलले. पहिल्या बदलाचा परिणाम कागदावर करून पाहावा. कखकख यमकात दुसरी आणि चौथी ओळ, दोन्ही 'ख' असतात. त्या पुढच्या कडव्यात पहिल्या आणि तिसऱ्या जागी गेल्या की मधल्या जागांसाठी नवे यमक 'ग' आणावे लागते. म्हणजे दर कडव्याला नवा ध्वनी. मिठीतल्या यमकात मात्र दुसरी ओळ 'ख' आणि चौथी 'क' असते. त्या पुढे गेल्या की पहिली आणि तिसरी जागा 'ख' आणि 'क'ने भरते, आणि तोच मिठीचा आकार ठेवायचा तर उरलेल्या जागा त्याच दोन ध्वनींनी भरण्यावाचून गत्यंतर नाही. त्यामुळे कविता कितीही लांबवली तरी तिसरे यमक आत शिरू शकत नाही. दोनच ध्वनींमध्ये कोंडलेली भोवळ ही कवीच्या लहरीतून आलेली नाही, या एका बदलाने ती अटळ झाली आहे.

मग परत आलेल्या ओळींचे व्याकरण तपासावे. दुसरी ओळ पहिल्या कडव्यात 'जेव्हा'च्या आधीन असलेले गौण वाक्य आहे. दुसऱ्या कडव्यात तीच ओळ स्वतंत्र वाक्य होते. पाचवी ओळ दुसऱ्या कडव्यात स्वतःपुरती पूर्ण आहे. तिसऱ्यात तिच्या शेवटच्या 'हृदया'ला सातवी ओळ येऊन बिलगते. सातवी तिसऱ्या कडव्यात त्या हृदयाचे वर्णन आहे. चौथ्यात तीच नवव्या ओळीतल्या 'गोळा करते' या क्रियापदाचा कर्ता होते. उलट चौथी, सहावी आणि आठवी या ओळी परत येतात त्या जशाच्या तशा. म्हणजे दुसऱ्या जागेवरून पहिलीवर जाणारी प्रत्येक ओळ बदलते आणि चौथीवरून तिसरीवर जाणारी एकही बदलत नाही. एक धागा पुढे सरकतो, दुसरा जागच्या जागी फिरतो. विरामचिन्हे आवृत्तीनुसार थोडी इकडेतिकडे असतात, म्हणून निष्कर्ष चिन्हांवर न ठेवता वाक्यरचनेवर ठेवावा.

दुसरा मोडलेला नियम म्हणजे शेवट. पहिली ओळ परत येत नाही. तिच्या जागी जी ओळ येते तिच्यात 'तुझी' आणि 'माझ्या' हे शब्द कवितेत पहिल्यांदा आणि एकदाच येतात. पंधरा ओळी कोणीच कोणाला उद्देशून बोलत नव्हते.

लिहिताना

लेखनाची सुरुवात व्याख्यांनी करू नये. ही कविता आलेक्सांद्रँ वृत्तात आहे, एवढे एका वाक्यात सांगून लगेच एखादी ओळ हातात घ्यावी. नमुन्यादाखल असे लिहिता येईल: 'दहाव्या ओळीत यतीनंतरच्या पहिल्याच अक्षरावर आलेले "ल्वी" हे क्रियापद तिसऱ्या ओळीतल्या "तुर्न"च्या जागी उभे आहे, मात्र तिथे गती होती, इथे प्रकाश आहे, आणि ज्या यमकाने आतापर्यंत धूर, वेदी आणि काळोख दाखवला तेच यमक इथे सूर्याच्या आकाराच्या पात्रावर थांबते.' निरीक्षण, त्याची जागा आणि त्यातून निघणारा अर्थ हे एकाच वाक्यात आले की परीक्षकाला किंवा वाचकाला पुरावा शोधत बसावे लागत नाही.

हात बसला की पोल व्हेर्लेनच्या १८६६ सालच्या 'शाँसोँ दोतॉन' या कवितेचे पहिले कडवे घ्यावे: 'ले साँग्लो लोँ / दे व्हिओलोँ / द लोतॉन / ब्लेस मोँ कर / द्युन लाँगर / मोनोतॉन'. शरदातल्या व्हायोलिनांचे लांब हुंदके एकसुरी मरगळीने माझे हृदय घायाळ करतात, असा तिचा आशय. सहा ओळी, मोजणी चार-चार-तीन आणि पुन्हा चार-चार-तीन, यमक ककखगगख, आणि 'ख' तेवढे स्त्रीलिंगी. 'ब्लेस' आणि 'द्युन' या दोन्ही शब्दांतला मूक स्वर मोजला तरच चौथ्या आणि पाचव्या ओळीत चार भरतात. दुसऱ्या ओळीत तीनच भरली, तर कोणता शब्द सोडवायचा हे आता वेगळे सांगायला नको.